आदर्श देश: आधी घर भाड्याने मिळेल का ते सांगा

दांडियाबाजारकर

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटायची वाट बघत बसलो होतो. कुणीतरी विषय काढला: कोरी जमीन मिळाली, नियम सगळे आपले, तर कसला देश काढाल? विषय अंताक्षरीपेक्षा बरा म्हणून सगळे सरसावले.

बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना निवडणुकाच नको होत्या. एक प्रामाणिक माणूस, पंचवीस वर्षं, मध्ये कुणी बोलायचं नाही. सीए असलेल्या गृहस्थांनी आयकर रद्द केला. तिसऱ्यांच्या देशात भोंगे नव्हते (कोणाचे, ते विचारल्यावर जरा तणातणी झाली). चौथ्या बाईंच्या देशात बाहेरून आलेली माणसं नव्हती. त्यांचं माहेर सांगलीचं आणि सासर चार पिढ्यांपूर्वी साताऱ्याहून बडोद्यात आलेलं. मी गप्प बसलो, दूध फुकट जायला नको.

घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं, बहुतेकांच्या आदर्श देशाची सुरुवात कुणाला तरी हाकलण्यापासून होती. अपवाद एकच. कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणाली, 'रात्री दोनला स्टेशनवरून चालत घरी येता आलं पाहिजे.' बस. तिच्या देशातून कुणाला काढावं लागत नव्हतं.

तर धाग्याचा विषय असा. असा देश असू शकतो का? 'सुखी', 'समृद्ध' वगैरे शब्दांत मला रस नाही, त्यात काहीही बसतं. माझी परीक्षा साधी आहे. एक अनोळखी माणूस स्टेशनवर उतरला. खिशात नोकरीचं पत्र आहे, भाडं भरायची ऐपत आहे. त्याला तुमच्या देशात खोली मिळायला किती दिवस लागतील, आणि त्याआधी त्याला काय काय विचारलं जाईल?

---

मांडवीची_मैना

आमच्या ह्यांचा आदर्श देश म्हणजे जिथे मेन्टेनन्स मागायला कोणी येत नाही. आणि हेच सोसायटीचे खजिनदार आहेत.

दूध कसं झालं होतं ते लिहिलं नाहीत.

---

जुना_दफ्तरी

बडोद्यात बसून 'असा देश असू शकतो का' म्हणून विचारता? आपल्या आजोबांनी बघितलाय की तो.

सयाजीराव महाराज. कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये दत्तक घेऊन गादीवर बसवला आणि १९३९ पर्यंत त्यांनी राज्य केलं. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केलं. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखले हेच मागत होते, तेव्हा सरकार पैसे नाहीत म्हणून सांगत होतं. १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून वाचनालयांचं जाळं विणलं. पुस्तकं भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत फिरत. कलाभवन ही तंत्रशाळा, बँक, आजव्याच्या तलावाचं पाणी, बालविवाहबंदी, विधवाविवाहाचा कायदा, १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा. बाकीच्या बहुतेक हिंदू बायकांना त्यासाठी १९५५ पर्यंत थांबावं लागलं.

मी दफ्तरखान्यात उमर घालवलेला माणूस. जुने हुकूम वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते: महाराजांचा लोकांच्या चांगुलपणावर फारसा भरवसा नव्हता. मुलगा शाळेत नाही आला तर बापाला दंड. भाषण नाही, दंड. आदर्श देश असाच होतो. वरून आणावा लागतो.

---

मांडवीची_मैना

दंडाचं म्हणाल तर, माझ्या पणजीचं लग्न कायदा झाल्यानंतर आठव्या वर्षी झालं. म्हणजे तिच्या वयाच्या. पणजोबांनी दंड भरला आणि वहीत मांडवाच्या खर्चाखाली लिहिला: वाजंत्री, आचारी, दंड. आत्येकडे ती वही होती, मी स्वतः बघितलीय. वाजंत्री दंडापेक्षा महाग पडली होती.

---

हरिकेन_कंदील

दफ्तरीकाका, तुमची यादी पूर्ण मान्य. आता धागाकर्त्याची परीक्षा याच राज्याला लावू.

१९१७. स्टेशनवर एक तरुण उतरला. कोलंबियातून अर्थशास्त्र शिकून, लंडनला काही काळ काढून आलेला. शिष्यवृत्ती महाराजांचीच, १९१३ ची, आणि करारच होता की परत येऊन संस्थानची नोकरी करायची. नेमणूक अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. नोकरीचं पत्र आहे, भाडं भरायची ऐपत आहे. नाव भीमराव आंबेडकर. धागाकर्त्याचाच माणूस म्हणा ना.

हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी. तिथल्या रखवालदाराला चार पैसे हवे होते, तेव्हा असं ठरलं की वहीत पारशी नाव लिहायचं. दिवसाला दीड रुपया, जेवून-राहून. वर एक लहानशी खोली, शेजारचं मोठं दालन मोडक्या सामानाने भरलेलं, वीज नाही, रखवालदार रात्री एक कंदील वर आणून द्यायचा. दिवसभर कचेरी, रात्री त्या कंदिलाच्या उजेडात वाचन. सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघत होते, तर जिन्यावरून डझनभर पारशी काठ्या घेऊन वर आले. धर्मशाळा बाटवलीस म्हणाले. संध्याकाळपर्यंत खाली कर. दोन मित्रांकडे विचारलं. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारतो. नवरा-बायको मूळचे ब्राह्मण, आणि बाई अजून जुन्या वळणाच्या. मग कामाठीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. आज तिथे त्यांच्या आठवणीची संकल्पभूमी आहे. दर रविवारी मुलांना खेळायला नेता ना सयाजीबागेत? तीच बाग.

म्हणजे शिक्षण वरून आलं, शिष्यवृत्ती आली, नेमणूक आली. खोली नाही आली. कारण खोली राजाच्या हातात नव्हती, तुमच्या-आमच्या पणजोबांच्या हातात होती.

---

जुना_दफ्तरी

हे मला ठाऊक नाही असं नाही. पण महाराजांच्या माथी मारू नका. एका माणसाने किती करायचं? अंत्यज शाळा त्यांनी १८८० च्या दशकातच काढल्या. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजी पंडित आत्माराम आले तेव्हा गाडी रुळावर आली.

---

हरिकेन_कंदील

माथी मारतच नाही. तुम्हीच म्हणालात ना, आदर्श देश वरून आणावा लागतो? मी एवढंच म्हणतोय की वरून तो जिन्यापर्यंत येतो.

---

तांबडा_रस्सा

जिन्यापर्यंत येतो, हे मस्त! वाचनखूण साठवली.

आमच्याकडचं एक उदाहरण देतो. औंध. ७२ गावांचं चिमुकलं संस्थान, त्यातही अर्धे माळ. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये राजेपद नावापुरतं ठेवून कारभार ग्रामपंचायतींच्या हातात दिला. मसुद्यामागे गांधीजी, राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनियर. बडोद्याच्या नेमकं उलटं: राजाने चांगलं राज्य केलं असं नाही, राजाने राज्य करणंच सोडलं.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी, पण भिंत नाही, गज नाहीत. शेती करायची, बायका-मुलांना आणून राहायचं. ती वसाहत अजून आहे. पन्नासच्या दशकात व्ही. शांतारामांनी तिच्यावरून 'दो आँखें बारह हाथ' काढला तो सगळ्यांना माहीत आहे, वसाहत मात्र फारशी कुणी बघितलेली नसते.

म्हणजे कोजागिरीच्या गच्चीवर लोकांनी ज्यांना पहिल्या फटक्यात हाकललं असतं, त्यांना घेऊन एक आदर्श गाव काढून दाखवलं होतं. संस्थान ४८ साली विलीन झालं, प्रयोग दहा वर्षंही चालला नाही. पण 'असू शकतो का' या प्रश्नाचं उत्तर 'होता' असं येतं.

---

अनुस्वार

छोटा होता म्हणून होता. ७२ गावांत जे जमतं ते दीडशे कोटींत जमत नाही.

---

तांबडा_रस्सा

छोटं असलं की जमतं असं काही नाही. स्वित्झर्लंड घ्या. प्रत्येक गोष्टीवर लोकांचं मत, जगभर कौतुक. पण मत म्हणजे पुरुषांचं. देशपातळीवर बायकांना मताधिकार १९७१ मध्ये मिळाला. अपेनझेल इनररोडन नावाच्या एका इटुकल्या कँटनमधले पुरुष चौकात जमून हात वर करून 'नाही' म्हणत राहिले, ते थेट १९९० पर्यंत. शेवटी कोर्टाने हुकूम काढला. तुमच्या बिल्डिंगएवढा देश काढा, ए विंग बी विंगला बाहेर काढेल.

---

भ्रमणमंडळ

कुणी भूतानचं नाव कसं घेतलं नाही! आम्ही गेल्या वर्षी जाऊन आलो. हॉर्न नाही, प्लॅस्टिक नाही, जंगल राखायचं बंधन राज्यघटनेतच. सकल राष्ट्रीय आनंद मोजतात. लोक हसतमुख. आदर्श देश बघायचा असेल तर पारोला जा, मार्चमध्ये जा.

---

हरिकेन_कंदील

आनंद मोजायच्या आधी डोकी कमी केली होती. दक्षिण भूतानमधल्या नेपाळी बोलणाऱ्या लोटशांपांना नव्वदच्या सुमाराला देशाबाहेर जावं लागलं, लाखाच्या घरात माणसं. नेपाळमधल्या छावण्यांत पंधरा-वीस वर्षं काढली, मग बहुतेकांना अमेरिकेने वगैरे घेतलं. त्यांना विचारून आनंदाचा आकडा काढला असता तर वेगळा आला असता.

---

भ्रमणमंडळ

तुम्हाला कुठेच काही चांगलं दिसत नाही का हो? ट्रिप छान झाली होती.

---

हरिकेन_कंदील

ट्रिप छानच झाली असणार. पाहुण्याला खोली सगळीकडे मिळते.

---

कोपनहेगनहून_कमळी

बडोद्याची, सध्या डेन्मार्कात. जगातला सुखी देश म्हणून दर वर्षी पेपरात फोटो येतो तो आमचा. सीएसाहेबांना इथली पगाराची स्लिप दाखवली तर घेरी येईल. पण दवाखान्यात पाकीट काढावं लागत नाही, मुलीच्या शाळेची फी नाही, आणि रात्री दोनला मी खरंच चालत घरी येते. त्या मुलीला सांगा.

आता खोलीचं. सामाजिक घरांसाठी रांग, आणि रांग म्हणजे वर्षांची. इथले लोक मुलं लहान असतानाच नावं घालून ठेवतात. तेही समजू शकते. पण २०१८ मध्ये कायदा आला. ज्या वस्तीत अर्ध्याहून जास्त लोक 'अपाश्चिमात्य' मुळाचे, आणि शिवाय उत्पन्न-शिक्षण वगैरे निकषांत मागे, तिला सरकार यादीत टाकणार. यादीचं अधिकृत नावच आधी 'घेट्टो' होतं, नंतर जरा सौम्य केलं. काही वर्षं यादीत राहिली की वस्तीतली सामाजिक घरं घटवायची, पाडून, विकून. त्यात इथेच जन्मलेली मुलंही अपाश्चिमात्यच धरतात. माझी लेक डॅनिशमध्ये स्वप्नं बघते, मराठीत भांडते, आणि रकान्यात अपाश्चिमात्य.

तरी मी परत येणार का? प्रामाणिकपणे, नाही. आदर्श नाहीये, पण दोनला चालता येतं.

---

अनुस्वार

सिंगापूरने तर उघड टक्केवारीच ठरवली. बहुतांश जनता सरकारी इमारतींत राहते आणि १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय किती असावेत याची मर्यादा आहे. मर्यादा भरली की दुसऱ्या वंशाच्या मालकाला त्या वंशाच्या गिऱ्हाईकाला विकता येत नाही. एका वंशाची वस्ती होऊच द्यायची नाही. अल्पसंख्याकांना घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळतं, ही तक्रार आहेच. पण लिफ्टमध्ये सगळे भेटतात.

आपल्याकडे याच्या उलट. 'अशांत धारा' बडोदेकरांना सांगायला नको. गुजरातचा १९९१ चा कायदा. जाहीर केलेल्या भागात घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी. हेतू असा की दंगलीच्या भीतीने कुणी पडेल भावात घर फुंकून पळू नये. तो हेतू बरोबरच होता. पण आज त्याचा उपयोग कशासाठी होतो ते ज्याने त्याने आपल्या गल्लीत बघावं.

---

रोखठोक_राव

प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

संपादक

वरचा एक प्रतिसाद आणि त्यावरचे उपप्रतिसाद काढले आहेत. अशांत धाऱ्यावर वेगळा धागा आहे, तिथे भांडा. इथे आदर्श देशावर बोला.

---

मांडवीची_मैना

संपादकांनी आदर्श देशातून चार प्रतिसाद हाकलले. हलके घ्या.

---

विश्वामित्रीतली_मगर

आमचा आदर्श देश २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी तीन-चार दिवस अस्तित्वात होता. रस्ते, दुकानं, पार्किंग, सगळीकडे मोकळं पाणी. तुमच्या अंगणात आलो तर पकडून, पट्टीने जबडा बांधून परत पाठवलंत. कागदपत्रं होती आमची, तुमच्या आधीपासून राहतो.

---

दांडियाबाजारकर

मगरीने पुराचा विषय काढलाच आहे तर सांगतो. आमच्या तळमजल्यावर दोन नर्स मुली भाड्याने राहतात. केरळच्या. सोसायटीचा ठराव आहे, 'भाडेकरू फक्त कुटुंबवाले आणि शाकाहारी'. मालकाने तो धाब्यावर बसवून दिलेली खोली, म्हणून सगळ्यांची कुरबुर चालू होती. पाणी शिरलं तेव्हा त्या दोघी पहिल्या मजल्यावर जोशीकाकूंकडे आल्या. काकूंना इन्सुलिन लागतं, फ्रीज बंद. त्या मुलींनी माठात ओल्या फडक्यात बाटल्या ठेवून ते सांभाळलं, वेळेवर टोचलं, शेजारच्या विंगमधल्या म्हाताऱ्यांचे रक्तदाबसुद्धा बघितले. खिचडी एकाच गॅसवर.

पाणी ओसरलं, चिखल काढला, आणि पुढच्या सभेत तोच ठराव कायम ठेवला. जोशीकाकूंनी हात वर केला होता, ठरावाच्या बाजूने. विचारलं तर म्हणाल्या, 'त्या दोघी चांगल्या आहेत हो, नियम बाकीच्यांसाठी.'

मला काकूंचा राग येत नाही. त्यांनी जे केलं तेच भूतानने केलं, डेन्मार्कने केलं, १९१७ च्या त्या हिंदू मित्राने केलं. तो काही दुष्ट नव्हता, 'नोकर जातील' एवढंच म्हणाला. कुणीही स्वतःच्या नावावर नाही म्हणत नाही. नोकर, बायको, बाकीचे सभासद, नियम, कुणीतरी पुढे असतं. म्हणून 'लोक सुधारले की देश सुधारेल' यावर माझा विश्वास नाही, आणि 'एक चांगला राजा द्या' यावर त्याहून नाही.

---

ओवीबाई

धागा आवडला. एक भर घालते. दिवाळीच्या पाडव्याला आपण म्हणतो, 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो.' हा आपल्या मातीतला आदर्श देश. गंमत बघा, वामन जिंकला त्याच्या राज्याची आठवण कुणी काढत नाही. ज्याला पाताळात ढकललं त्याची काढतात. जोतीरावांनी तोच बळी धरून सगळा इतिहास उलटा वाचला.

आणि दुसरा पसायदानातला. दांडियाबाजारकर, तुमच्या हकालपट्टीच्या हिशेबाने ते वाचून बघा. ज्ञानेश्वरांनी 'खळ जावोत' असं मागितलेलं नाही. 'खळांची व्यंकटी सांडो' म्हटलंय. वाकडेपणा जाऊ दे, माणूस राहू दे. ज्यांच्या आईवडिलांना गावाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, त्या मुलाने मागितलेली ही यादी आहे. कुणाचंही नाव कापलेलं नाही.

---

अनुस्वार

पण तिथेच पुढे 'जो जे वांछील तो ते लाहो' आहे. दोन सभासदांनी एकच पार्किंग वांछिलं तर?

---

ओवीबाई

त्याच्या आधी 'भूतां परस्परे पडो मैत्र जीवांचे' आलंय. क्रम बघा ना. मैत्र झालं की पार्किंगचं बघू.

---

जुना_दफ्तरी

ओवीबाई, सुंदर. पण मैत्र पडायची वाट बघत बसलं तर पोरी पुराच्या पाण्यात राहतात. माझं म्हणणं जरा सुधारून मांडतो. दंड कुणाला, हे महत्त्वाचं. महाराजांनी बापाला दंड केला, शाळेत पोरं आली. धर्मशाळेला दंड करायचा अधिकार वापरला असता तर? फाइल फिरत राहिली त्या अधिकाऱ्यांना केला असता तर? वरचा हुकूम जिन्यात अडतो हे कंदीलरावांचं खरं. मग जिन्यातच कुणीतरी लागतं ज्याला 'नाही' म्हणायची किंमत मोजावी लागेल. मैत्र पाडव्यापर्यंत येऊ दे, तोवर निदान ठराव रद्द करा. सोसायटी तुमच्या हातात आहे, देश नाही.

---

कोपनहेगनहून_कमळी

+१. आणि ठराव मांडताना 'कोण नको' हे प्रत्येकाला आपल्या सहीने लेखी द्यायला लावा. इथे आमच्या बिल्डिंगमध्ये सायकलस्टँडच्या भांडणात असंच केलं. निम्मे विरोधक कागद बघून गप्प झाले.

---

दांडियाबाजारकर

कमळी, तुमची युक्ती वापरली. काल सभा झाली. 'भाडेकरूबद्दल हरकत असेल तर सभासदाने कारणासह लेखी द्यावी, तोंडी हरकत धरली जाणार नाही' एवढाच ठराव मांडला, जुना रद्द करा असं म्हटलंच नाही. बँकवाले काका म्हणाले, ही लोकशाहीची कटकट. खजिनदारांना वाटलं लेखी म्हणजे स्टॅम्पपेपरचा खर्च. दीड तास गेला. थोडक्यात मंजूर झाला. लेखी हरकत अजून एकही आलेली नाही. कागद मात्र चेअरमनकडून दोघांनी नेलाय, बघू.

नर्स मुली दिवाळीनंतर दुसरीकडे जाताहेत. हॉस्पिटलजवळ जागा मिळाली, आमच्यामुळे नाही. म्हणजे खोली रिकामी होतेय.

---

मांडवीची_मैना

माझा भाचा एम.एस. युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्सला येतोय, नाशिकहून. एकटा आहे, केस लांब आहेत, अंडी खातो, रात्री उशिरापर्यंत जागतो. भाडं किती?

---

दांडियाबाजारकर

मालकाला विचारलं. अंडी चालतील म्हणाला. डिपॉझिट दोन महिन्यांचं, लाइटबिल वेगळं. मातीकाम घरात करणार असेल तर मोरीत चिखल टाकायचा नाही, पुराचाच अजून निघालेला नाही. बाकी व्यक्तिगत निरोपात कळवतो.